गच्चीवरचा कॉक

सोजरबाई दमल्या होत्या. तशा त्या कायमच दमलेल्या असायच्या. "मी लई दमले गं बाई" हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं की दारावरच्या भाजीवालीपासून फोनवरच्या मुलापर्यंत सगळ्यांना ते रामरामासारखं ऐकायला मिळायचं. पण या पौषात दमायला खरंच कारण होतं. गच्चीवरचं सोलर फुटलं होतं आणि ते कुणी नीट करायचं यावरून घरात भिजत घोंगडं पडलं होतं.

घर अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडच्या वस्तीत. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या. खाली सोजरबाई एकट्या राहायच्या. त्यांचे मालक, आप्पा, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते. वरचा मजला त्यांनी हौसेनं बांधला आणि त्यानंतर फार दिवस काढले नाहीत. मुलगा ऋतुराज पुण्याला नोकरीला. वर मुबीनचं बिऱ्हाड भाड्यानं होतं. मुबीन ट्रान्सपोर्टच्या गाडीवर ड्रायव्हर, त्यामुळे निम्मा महिना बाहेरच. घरात राहत नावाची त्याची बायको, आई कमरबी, तिसरीतली मुलगी झीनत आणि नुकतंच जन्मलेलं एक बाळ.

सोलर ऋतुराजनं बसवलं होतं. काळ्या काचेच्या नळ्यांची तिरकी रांग आणि वर पाण्याची गोल टाकी. "आई, सोलर असलं की भाडेकरू चांगला मिळतो," असं तो म्हणाला होता. भाडेकरू चांगला मिळाला, हे सोजरबाईंनाही कबूल होतं. स्वतः मात्र त्या पाण्याला त्या कधी शिवल्या नाहीत. खाली न्हाणीत त्यांचा तांब्याचा बंब होता. कारखान्यातून पोत्यानं मिळणाऱ्या सुताच्या चिंध्या त्यात कोंबल्या की पाणी कढत. बंबाला काय फुटायचं असतंय, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या नाहीत.

आता सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे काही कुणाला सांगायला नको. काही दिवसांच्या खंडानं येतं, कधी तो खंडही लांबतो, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली बाई दुसऱ्या कशाला हात लावत नाही. सोजरबाईंची यावर एक रीत होती. पाणी लांबणार असं दिसलं की त्या गुडघे धरत गच्चीवर चढायच्या आणि सोलरला पाणी जाणारा कॉक फिरवून बंद करायच्या. टाकीत आहे तेवढं वरच्यांनी वापरावं, बाकीचं थंड पाणी पुरवून पुरवून. गरम पाणी अंगावर पडलं की माणूस न्हाणीतून उठत नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं. नळ आला की कॉक पुन्हा उघडायचा. हे त्यांनी राहतला कधी सांगितलं नाही. घरमालकिणीनं आपल्याच कॉकला हात लावायला कुणाची परवानगी काढायची?

त्या खेपेला पाणी फारच लांबलं आणि आलं ते भर दुपारी, रविवारी. थंडीचे दिवस असले तरी सोलापूरचं दुपारचं ऊन ते ऊनच. झीनत गच्चीवर खडूनं चौकटी आखून ठिकरी खेळत होती. फरशीचा चपटा तुकडा टाकायचा आणि लंगडत जाऊन तो आणायचा. सोजरबाईंनी खाली मोटर लावली, वर आल्या, कॉक उघडला आणि जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या असतील नसतील, तोच मागं तडाक आवाज झाला. पाठोपाठ आणखी एक.

वळून बघतात तर नळ्या फुटलेल्या, पाणी गच्चीभर पसरलेलं आणि पन्हळीतून धो धो खाली रस्त्यावर चाललेलं. इतक्या दिवसांनी आलेलं पाणी! आणि त्या पाण्यात झीनत एका पायावर उभी, हातात ठिकरी.

सोजरबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"आगं ए भवाने! ठिकरी मारलीस व्हय सोलरला?"

"मी न्हाई मारली," झीनत म्हणाली. दुसरा पाय खाली टेकवायचंही तिला सुचलं नव्हतं.

"मग काय आपसूक फुटलं? सोलरला काय येड लागलंय? मी लई दमले बाई तुमच्या ह्या कारभाराला!"

आवाज असा लागला होता की समोरच्या गच्चीवर वाळवण घालणारी कमलम्मा हातातलं काम टाकून कठड्याशी येऊन उभी राहिली. राहत बाळाला खांद्यावर घेऊन धावत वर आली. तिनं एकदा सोजरबाईंकडं बघितलं, एकदा कमलम्माकडं बघितलं, आणि झीनतच्या पाठीत धपाटा घातला. चांगला जोरात. सोजरबाई जराशा चपापल्या. एवढं काही त्यांना नको होतं. पण पाणी अजून वाहतच होतं, म्हणून त्या कॉक बंद करायला धावल्या आणि पोरीला जवळ घ्यायचं राहून गेलं.

मुबीन दौऱ्यावरून आल्यावर रीतसर बोलणं झालं. मुबीन सभ्य माणूस. चप्पल दाराबाहेर काढून, उभ्या उभ्याच बोलला.

"मावशी, सोलर घराबरोबर दिलेली वस्तू हाय. मोडली तर मालकानं नीट करून द्यायची असती की."

"आन् फोडली तर?"

"झीनत न्हाई म्हन्ती."

"पोरं न्हाईच म्हन्तेत," सोजरबाई म्हणाल्या.

रात्री त्यांनी ऋतुराजला फोन लावला. ऋतुराजनं कराराचा कागद काढून वाचून दाखवला. वस्तू जुनी होऊन बिघडली तर घरमालकानं बघायचं, भाडेकरूकडून मोडतोड झाली तर भाडेकरूनं. "आई, पोरीनं फोडलंय ना? मग विषय संपला," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. पुण्यात बसून विषय संपवणं त्याला नेहमीच सोपं जायचं.

म्हणजे सगळा कज्जा येऊन थांबला तो झीनतच्या ठिकरीवर. ठिकरी लागली असेल तर दुरुस्ती मुबीनची, नसेल तर सोजरबाईंची. मुबीन पोरीला खोटी ठरवायला तयार नव्हता, सोजरबाई स्वतःला. तो पुन्हा गाडीवर निघून गेला आणि सोलर तसंच फुटकं राहिलं.

थंडी मात्र कुणासाठी थांबली नाही. सकाळी खाली बंबाशी बसल्या बसल्या सोजरबाईंना वरचं सगळं ऐकू यायचं. अंधार असतानाच नळ सुटायचा. कमरबी नमाजाआधी वजू करायची, गार पाण्यानं हात-पाय-तोंड धुवायची, आणि मग किती तरी वेळ खोकत राहायची. उजाडलं की गॅसवर पातेलं चढायचं. बाळाच्या आंघोळीचं एक पातेलं, राहतच्या पाठीला शेकायचं दुसरं. ओली बाळंतीण ती, तिनं उचलायचं नव्हतं, पण कमरबीच्या हातात बळ नव्हतं. पातेलं फरशीवरून न्हाणीपर्यंत ओढत न्यायचा आवाज यायचा, मधेच थांबायचा, पुन्हा यायचा. तो थांबला की सोजरबाईंचा हात बंबाच्या तोंडाशी तसाच राहायचा. पातेलं उलथलं तर? मग आवाज पुन्हा सुरू व्हायचा आणि त्या चिंधी आत ढकलायच्या.

एकदा त्यांच्या मनात आलं, आपल्या बंबातलं बादलीभर पाणी वर न्यावं. पण बादली नेली की आपली चूक मान्य केल्यासारखं दिसेल, ऋतुराज ओरडेल, आणि गुडघेही होतेच. राहिलं.

आणखी एक गोष्ट झाली होती, पण ती त्या कुणाजवळ बोलत नव्हत्या. झीनत खाली यायची बंद झाली होती. आधी शाळेतून आली की दप्तर जिन्यातच टाकायची आणि सोजरबाईंच्या चुलीशी येऊन बसायची. तव्यावरची पहिली भाकरी तिची, वर शेंगाचटणी आणि तेलाची धार. ती खायची, वर्गातल्या सगळ्या चहाड्या सांगायची आणि जाताना सोजरबाईंच्या सुईत दोरा ओवून द्यायची. आता पहिली भाकरी टोपल्यात पडून वातड व्हायची आणि दोरा दिवसचे दिवस ओवल्याविना राहायचा. "बरं झालं, डोक्याला ताप न्हाई," असं सोजरबाई मोठ्यानं म्हणायच्या. ऐकायला कुणी नसायचं.

एके दिवशी जिन्यात कमरबी भेटली. खोकल्यानं तिचा चेहरा उतरला होता.

"आक्का, भांडन न्हाई करत मी," ती म्हणाली. "पन पोरगी झोपेत बडबडती. मी न्हाई मारली, मी न्हाई मारली, म्हन्ती. तिची आई उठून बसती."

"लेकरं बडबडत्यात की," सोजरबाई म्हणाल्या आणि घरात गेल्या. त्यांना भाकरी गोड लागली नाही.

मग पुन्हा नळाचा दिवस आला. त्या दिवशी सोजरबाईंनी लिंबाच्या लोणच्यासाठी काचेची बरणी काढली होती. बरणी धुऊन, आत कढत पाणी ओतून ती वाफवायची आणि मग वाळवायची, ही नेहमीची पद्धत. पण नळाची धार बारीक व्हायला लागली, हांडे भरायचे राहिले होते, आणि घाईघाईत त्यांनी कढत पाणी ओतून टाकलं आणि बरणी तशीच नळाखाली धरली.

तडाक.

बरणीचा अर्धा भाग हातात राहिला. सोजरबाई तुकड्यांकडं बघत नव्हत्या. तो आवाज त्यांनी ऐकला होता. हाच आवाज, अगदी हाच, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर.

मग त्यांना मंगळवेढ्याच्या माहेरच्या घरातला कंदील आठवला. लहानपणी काच पुसायचं काम त्यांचं. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की काच गेली, हे त्यांना सात-आठ वर्षांच्या असतानाच कळलं होतं, कारण एकदा तशी काच घालवली म्हणून आईनं पाठ सोलली होती. तापलेली काच आणि गार पाणी. यात शिकायचं काय होतं? गच्चीवर किती तरी दिवस कॉक बंद होता. नळ्यांतलं पाणी उन्हानं आटून गेलं होतं. कोरडी काच दुपारच्या उन्हात भाजत पडली होती, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं वर गार पाणी सोडलं होतं.

नळ तसाच वाहत होता. आयुष्यात पहिल्यांदा सोजरबाईंनी नळाचं पाणी वाहू दिलं.

दारात कुणी तरी उभं होतं. राहत, कडेवर बाळ, आणि तिच्या ओढणीला धरून झीनत.

"बोल," राहत झीनतला म्हणाली.

झीनतनं मान खाली घातली. "सोलर मीच फोडलं. पुन्हा न्हाई करनार." शाळेत पाठ करून घेतलेलं म्हणतात तसं ती म्हणाली. थोडं थांबून, हळू आवाजात तिनं स्वतःचं जोडलं, "मला आठवत न्हाई, पन फोडलं असंल."

"मावशी, नळ्यांचं आम्ही भरून देऊ," राहत म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. "आणि नई जिंदगी वस्तीत घर बघून आलेत हे. एक तारखेला निघतो. लहान बाळ घेऊन असं नाही जमत."

सोजरबाईंच्या हातात बरणीचा काठ होता. सांगायचं तर हीच वेळ होती. जीभ उचलायची एवढंच काम. पण त्या "बसा की" म्हणाल्या, आणि त्या दोघी बसल्या नाहीत.

पुढचे दोन दिवस सोजरबाईंनी स्वतःशीच वकिली केली. कुणाला कळणार आहे? आवाज कुणी ओळखत नाही, कंदील आता कुणाकडं नाही. पोरं काय, चार दिवसांत विसरतात. मुबीन जातोच आहे. पण वकिलीचा उपयोग होईना, कारण ऐकणारीही त्याच होत्या आणि त्यांना सगळं माहीत होतं. शेवटी त्यांनी सोलरवाल्या बिरुदेवला बोलावून स्वतःच्या खर्चानं नळ्या बसवून घेतल्या. बिरुदेवनं काही विचारलं नाही. त्याला पुढच्या गच्चीवर जायचं होतं.

"तुमी काय द्यायचं न्हाई," त्यांनी राहतला सांगितलं. वाटलं, एवढ्यात भागेल. मन हलकं होईल.

राहत गच्चीवर बाळाची दुपटी वाळत घालत होती. ऐकून तिचे डोळे भरून आले. "मावशी, तुमचं मन मोठं आहे," ती म्हणाली. "पोरीनं नुकसान केलं तरी तुम्ही..."

तोंडात मारल्यासारखं झालं. सोजरबाईंना वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"गप गं बाई," त्या म्हणाल्या. "पोरीनं न्हाई फोडलं. म्या फोडलं."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. कॉक कसा बंद करायच्या, का बंद करायच्या, त्या दुपारी काय झालं, बरणी, कंदील, सगळं. सांगताना त्या उभ्या होत्या ते कठड्याला धरून. समोर कमलम्मा होतीच, वाळवणाला निमित्त कुठलंही पुरतं. पण सोजरबाईंनी आवाज लहान केला नाही. पोरीवर ओरडताना तरी कुठं केला होता?

राहतच्या हातातल्या दुपट्याचं पाणी तिच्या पायावर गळत होतं.

"मी तिला मारलं, मावशी," ती म्हणाली.

बस, एवढंच. ती भांडली असती तर सोजरबाईंनाही काही बोलता आलं असतं.

"आता राहा की हितंच," त्या म्हणाल्या. "पानी तापतंय आता. कॉकला मी हात लावनार न्हाई."

"पाण्यासाठी नाही हो जात आम्ही. पाणी गॅसवर पण तापतं." राहतनं दुपटं पिळलं. "घर ठरलंय. हे तिला तुम्हीच सांगा. माझ्यावर तिचा विश्वास नाही राहिला."

पण झीनत सापडेना. सोजरबाई जिन्यात उभ्या राहिल्या की ती वरच थांबायची, शाळेतून आली की भिंतीला घासत वर पळायची. वर आता सकाळी कढत पाणी यायचं. पातेलं ओढायचा आवाज बंद झाला होता. तरी सोजरबाई बंबाशी बसून कान देत राहायच्या.

एक तारखेला टेम्पो आला. कपाट, गाद्या, बाळाची झोळी, पितळी भांड्यांचं पोतं. कमरबीनं सोजरबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि "आक्का, बंबाचा धूर कमी करा, खोकला येतो," असं उलट यांनाच सांगून ती हळूहळू पुढं गेली. मुबीननं चप्पल काढून नमस्कार केला. झीनत दप्तर पोटाशी धरून टेम्पोच्या चाकाशी उभी होती.

सोजरबाई तिच्यापर्यंत गेल्या. मग गुडघ्यांना न विचारता त्या खाली बसल्या, रस्त्यावरच, म्हणजे तोंडासमोर तोंड येईल.

"झीनत, हिकडं बघ. सोलर तू न्हाई फोडलंस. तुझी ठिकरी लागलीच न्हाई. माझी चूक हाय ती. मी गार पानी सोडलं म्हनून फुटलं. समजलं?"

झीनत बघत राहिली. तिनं ते आपल्या परीनं तपासून बघितलं.

"मग तुमाला कोन रागावलं?"

सोजरबाईंनी तिच्या दप्तराचा मुडपलेला पट्टा सरळ केला.

"कुनीबी न्हाई गं."

"मला तर सगळे रागावले."

"व्हय." मुबीननं हॉर्न वाजवला, पण सोजरबाई उठल्या नाहीत. "तू रागव की मला. जशी मी रागावले तशी. रागव."

झीनतनं दप्तर खाली ठेवलं. कमरेवर दोन्ही हात ठेवले, अगदी सोजरबाईंसारखे, आणि तोंड उघडलं. समोर धुळीत बसलेल्या म्हातारीचा पदर घसरला होता. उठताना हात कुणाचा धरायचा, हे ती म्हातारी डोळ्यांनी शोधत होती.

झीनतनं कमरेवरचे हात काढले.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि आपला हात पुढं केला. "तुमी लई दमलाय."